टोकन नंबर त्रेसष्ट

बर्डीवर मे महिन्यात दुपारी तीनला
दुकानाच्या दारातली थंड हवा फुकट असते.
मी तिच्या सीमेवर उभा.
पाठ एसीत, छाती सेहेचाळीस डिग्रीत.

काम सोपं आहे.
बाईच्या हातातली पिशवी घ्यायची,
भिंतीतल्या खणात सरकवायची,
पितळेचा बिल्ला द्यायचा.
पिशवीसकट आत गेलात तर तुम्ही चोर असू शकता.
पिशवी दिली की गिऱ्हाईक.

"जपून ठेवजा भाऊ," त्या म्हणाल्या.
"हो ताई," म्हणालो.
एवढाच करार. सही नाही, शिक्का नाही.
कुमुद खापेकर हे नाव
मला नंतर तक्रारीच्या कागदावर कळलं.

मग दारातलं यंत्र बोंबललं.
कॉलेजची पोरगी, तीनशे एकोणपन्नासची कुर्ती,
पैसे भरलेले,
काउंटरवरचा पोरगा टॅग काढायला विसरलेला.
टावरी साहेब आतून ओरडले, "उईके, पकड तिला!"
मी धावलो, मेट्रोच्या दुसऱ्या खांबापर्यंत.
पोरगी रडली. बिल दाखवलं.
मी टोपी काढून माफी मागितली.
चार मिनिटं.

परत आलो तर त्रेसष्टचा खण
आ वासून बसलेला.

पिशवीत काय होतं?
सातशे रुपये. बसचा पास. घराची किल्ली.
आणि एका निळ्या डबीत
धंतोलीहून दुरुस्त करून आणलेलं
आईचं कानाचं मशीन.

टावरी साहेबांनी बोट वर केलं. पाटी होती.
"सामानाच्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही."
बाईंनी ती मोठ्याने वाचली,
मग खालची ओळही वाचली, जी कोणी वाचत नाही:
"टोकन हरवल्यास पन्नास रुपये दंड."
"म्हणजे बिल्ला तुमचा," त्या म्हणाल्या,
"अन् पिशवी कोणाचीच नाही?"
साड्या दाखवणारी पोरं घड्या घालता घालता थांबली.

कॅमेऱ्यात दिसलं.
दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली एक बाई.
खणात हात घालते, पिशवी खांद्याला लावते,
यंत्रातून चालत जाते. घाई नाही.
यंत्र गप्प.
खापेकर बाईंच्या पिशवीला
आमचा काटा टोचलेला नव्हता ना.
हवालदार हसला,
"मे महिन्यात नागपुरात
तोंड कोणाचं दिसून राहिलं बाप्पा?"

"टोकन जमा करा," साहेब म्हणाले.
बाईंनी मूठ मिटली.
"पिशवी द्या, घेऊन जा."

पगारातून पन्नास रुपये कापले माझ्या.
एजन्सीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: टोकन, एक.
पिशवीबद्दल काही नाही.
ते पाहून मला सुटल्यासारखं वाटलं,
आता लपवून काय करू.

जूनमध्ये त्या आल्या. काही घ्यायला नाही.
बिल्ला टेबलावर ठेवला.
माहीत असूनही मी वळून खणात पाहिलं.
तिथे कोणाचं तरी हेल्मेट होतं.

"आईला सांगितलं मशीन चोरीला गेलं म्हणून.
तिला ऐकूच नाही आलं.
चारदा ओरडले. अख्ख्या गल्लीला कळलं.
ती अजून विचारते, आणलं का?"

मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.
बिल्ला उचलला, रुमालाच्या टोकाला बांधला,
गाठ दोनदा ओढून पाहिली,
अन् उन्हात उतरल्या.

आता यंत्र ओरडलं की
मी आधी खण मोजतो, एक ते ऐंशी,
मग धावतो.
"उईके, उशीर करून राहिला तू,"
टावरी साहेब म्हणतात.

हो साहेब. करून राहिलो.